तिसऱ्या मजल्यावरचं गिऱ्हाईक आणि चाळीस हजारांची पल्सर

वाचकाचं पत्र

दादा, नमस्कार. आम्ही भांडुपला राहतो. मिस्टरांची बजाज पल्सर १५० आहे. नोव्हेंबर २०११ चं पासिंग, एमएच-०३. पहिला मालक, ६८ हजार किलोमीटर, इंजिन एकदाही खोललेलं नाही. दीड वर्षापूर्वी आम्ही इलेक्ट्रिक स्कूटर घेतली, तेव्हापासून पल्सर बिल्डिंगखाली कव्हर घालून उभी आहे. आठवड्यातून एकदा चालू करायची असं ठरलं होतं, ते चार महिने टिकलं. आता सेल्फ लागत नाही, किकवर चालू होते. मागचा टायर गुळगुळीत झालाय. कुठे ठोकलेली वगैरे नाही.

गॅरेजवाला १२ हजार म्हणतो. ऑनलाइन जाहिरातींत अशाच गाड्या ३५ ते ४५ हजारांना दिसतात. मिस्टर म्हणतात चाळीसच्या खाली एक रुपया नाही. त्यांचा मित्र म्हणतो, नोव्हेंबरात पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात जाणार, मिळेल ते घ्या. त्यात तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या मुलाला ऐरोलीला नोकरी लागली आणि त्याला ही गाडी हवी आहे. वहिनी म्हणाल्या, ‘तुम्ही सांगाल ती किंमत.’ तेव्हापासून मला झोप नाही. जास्त सांगितली तर जिन्यात तोंड चुकवावं लागेल, कमी सांगितली तर घरात ऐकून घ्यावं लागेल. रास्त किंमत काढायची तरी कशी?

– एक वाचक, भांडुप

उत्तर

ताई, ‘तुम्ही सांगाल ती किंमत’ म्हणणारं गिऱ्हाईक घासाघीस करणाऱ्यापेक्षा अवघड. घासाघीस करणारा निदान अर्धं काम आपल्या डोक्यावरून उतरवतो. वहिनींनी सगळंच ओझं तुमच्यावर टाकलं आणि वर मोकळ्या झाल्या. असो.

आधी गॅरेजवाल्यावरचा राग काढून टाका. पत्रात तुम्ही त्याला काही म्हटलेलं नाही, पण १२ हजारांचा आकडा ज्या सुरात लिहिलाय तो मला ऐकू आला. तो गाडी चालवायला घेत नाहीये, विकायला घेतोय. टायर, बॅटरी, चेन यांवर तो खर्च करणार, कागद फिरवणार, महिना-दोन महिने गाडी दुकानापुढे उभी ठेवणार, आणि एवढं करून त्याला चार पैसे सुटायला हवेत. त्याच्या जागी त्याचा आकडा बरोबर आहे. उद्या कोणीच नाही आलं तरी एवढे हातात येतील, हा त्या आकड्याचा अर्थ. त्याच्याही खाली भंगाराचा भाव असतो. पल्सर १५० साधारण १४० किलोंची. लोखंड-अ‍ॅल्युमिनियम वजनावर घालून तुमच्या हाती चार-पाच हजार पडतील. म्हणजे जमीन कुठे आहे ते कळलं.

आता जाहिरातींतले ३५ ते ४५. जाहिरातीत दिसतो तो मागितलेला भाव. मिळालेला भाव कोणी लिहीत नाही, कारण गाडी गेली की जाहिरातही जाते. म्हणून तिथे उरतात त्या न गेलेल्या गाड्या. एक काम करा. २०१० ते २०१२ मधल्या पल्सर १५० च्या पाच-सहा जाहिराती निवडा, मुंबईच्या एमएच-०१, ०२, ०३, ४७ आणि फार तर ठाण्याच्या ०४ मधल्या. आठवड्याने पुन्हा बघा. ज्या तशाच आहेत त्यांचा भाव बाजाराने नाकारलाय. जमलं तर दोघांना फोन करून ‘शेवटचं किती’ एवढंच विचारा. फोनवरच पाच-सात हजार उतरतात, गाडी बघायला गेल्यावर आणखी. माझ्या अनुभवात मागितलेल्या आणि मिळालेल्या भावात पाचवा हिस्सा तर सहज जातो. तेव्हा ३५ ची जाहिरात म्हणजे खरा व्यवहार २८ च्या आसपास, तोही धडधाकट, चालत्या, कागद चोख असलेल्या गाडीचा. तुमचा हिशोब या २८ पासून सुरू करू.

आणखी एक गोष्ट मिस्टरांच्या कानावर घाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. नव्या गाड्या हजारोंनी स्वस्त झाल्या. नवी स्वस्त झाली की जुनीची ओढ कमी होते. त्याआधी कधीतरी कोणी चाळीसला गाडी विकली असेलही, तो भाव आता धरून बसण्यात अर्थ नाही. आणि पल्सर म्हणजे आरएक्स १०० नव्हे. यामाहाची ती गाडी १९९६ मध्ये बंद झाली, म्हणून हौशी मंडळी तिच्यासाठी वेड्यासारखे पैसे मोजतात. पल्सर २००१ पासून आजतागायत निघतेच आहे, भांडुप स्टेशनबाहेर उभं राहिलात तर पाच मिनिटांत दहा दिसतील. जुनं ते सोनं इथे चालत नाही.

‘इंजिन खोललेलं नाही’ हेही जरा तपासून बघू. ६८ हजार किलोमीटर चौदा-साडेचौदा वर्षांत, म्हणजे दिवसाला सरासरी तेरा. हे काही फार नाही. वेळेवर ऑइल बदललेली पल्सर एवढ्यावर बोअर-पिस्टनला, म्हणजे इंजिन खोलून करायच्या मोठ्या कामाला, आलेली नसते. पण न खोललेलं इंजिन हा गुण आहे की राहून गेलेलं काम, हे तिच्या आवाजावरून ठरतं.

त्यासाठी एका रविवारी सकाळी मिस्टरांना खाली घेऊन जा. कव्हर काढा, गाडी मेन स्टँडवर घ्या आणि इंजिनला हात लावून ती गार असल्याची खात्री करा. (घेणाऱ्या बाजूचा जाणकार माणूस आला की पहिल्यांदा हेच करतो. विकणाऱ्याने गाडी आधीच तापवून ठेवली असेल तर तो चहा न पिता निघून जातो.) चोक ओढून किक मारा. तिसऱ्या-चौथ्या किकला लागली तर दीड वर्ष उभ्या गाडीच्या मानाने उत्तम. पहिलं मिनिटभर थोडा पांढरा धूर, तोही सायलेन्सरच्या तोंडाशी थेंब-थेंब पाण्यासकट, हा साचलेला दमटपणा. त्याची काळजी नको. इंजिन तापल्यावरही निळसर धूर येत राहिला आणि नाकाला जळलेल्या ऑइलचा वास आला, तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. मग किंमत वेगळ्या कागदावर काढायची, कारण बोअर-पिस्टनचं काम सात-आठ हजारांच्या खाली होत नाही. डाव्या अंगाने खडखड ऐकू आली तर इंजिनातली टायमिंग चेन. या वयाच्या पल्सरला ती आवाज करते, घाबरण्यासारखं नाही, पण घेणारा ऐकणारच. इंजिन ऑइलही बघा. ऑइल दुधाळ, चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. मुंबईत हे बघावंच लागतं, कारण एखाद्या जुलैत गाडी गुडघाभर पाण्यातून ढकलत आणलेली असते आणि घरात कोणाला आठवतही नाही.

मग हँडल. पुढचं चाक उचलून हँडल डावी-उजवीकडे हळूच फिरवा. मधोमध आल्यावर टक् करून अडकल्यासारखं झालं तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेलाय. आपल्या रस्त्यांवर तो न गेला तरच नवल. चेनला मागच्या स्प्रॉकेटवरून (दातेरी चाकावरून) बोटाने मागे ओढा. चेन दातावरून अर्ध्याच्या वर सुटून येत असेल तर संच बदलायला आला. टाकीचं झाकण उघडून मोबाइलच्या उजेडात आत बघा. खारी हवा बाहेरून रंग खाते ते दिसतं, आतला गंज दिसत नाही. त्यात आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते ओलावा धरतं. २०११ ची कार्बोरेटरची गाडी दीड वर्ष अर्ध्या टाकीवर उभी राहिली म्हणजे जेटमध्ये, पेट्रोल जायच्या बारीक भोकांत, चिकटा बसलेला असणारच. ते पेट्रोल काढून टाका. कार्बोरेटर साफ करून घ्या, तीन-चारशे रुपयांचं काम.

विकण्याआधी किती खर्च करायचा, यावर लोकांचं दुमत आहे. माझं मत सांगतो. बॅटरी टाका. सोळाशे रुपये जातील, पण बटण दाबून चालू होणारी गाडी आणि किक मारत बसावी लागणारी गाडी, यांत घेणाऱ्याच्या मनात सोळाशेचा नाही, पाच हजारांचा फरक पडतो. सेल्फ बंद बघितला की त्याला वाटतं, वायरिंग गेलंय, आणखी काय काय गेलं असेल. (नवी बॅटरी टाकूनही सेल्फ लागला नाही तर रिले किंवा मोटरचे कार्बन ब्रश बघायला सांगा, शे-पाचशेत सुटतं.) टायर टाकू नका. तो घेणाऱ्याला त्याच्या पसंतीचा टाकू दे, किमतीतून वजा करा. नवं सीट कव्हर, पॉलिश, स्टिकर यांत एक पैसा घालू नका. पंधरा वर्षांची गाडी नव्या नवरीसारखी सजवली की लोक काय लपवलंय ते शोधू लागतात. पाण्याने धुवा, चेनला तेल द्या, बस.

आता कागद, आणि ताई, तुमचा खरा पैसा इथे अडकलाय. तुमच्या पत्रात टायर आहे, सेल्फ आहे, पण एक गोष्ट नाही. २०११ मध्ये गाडी कर्जावर घेतली होती का? घेतली असेल आणि हप्ते कधीचेच फिटले असतील, तरी आरसी काढून बघा. तिच्यावर अजून बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं नाव असण्याची दाट शक्यता आहे. कर्ज फिटलं की नाव आपोआप जातं असं लोक धरून चालतात. आपोआप जात नाही. बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ देऊन एचपी, म्हणजे आरसीवरची कर्जाची नोंद, काढून घ्यावी लागते. जुनं ना-हरकत पत्र कपाटात सापडलं तरी त्याची मुदत गेलेली असेल, पुन्हा मागावं लागेल. एचपी असेपर्यंत त्या मुलाच्या नावावर गाडी होणार नाही. गॅरेजवाला आरसी बघून बारा म्हणाला असेल तर त्याच्या डोक्यात हेही होतं.

पंधरा वर्षांचं म्हणाल तर मिस्टरांच्या मित्राने दिल्लीची बातमी मुंबईला लावलीय. पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीचा आदेश दिल्ली आणि आसपासच्या पट्ट्यातला. इथे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होतं. फॉर्म २५, आरटीओत गाडी दाखवायची, पर्यावरण कर भरायचा. दुचाकीच्या नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ३०० वरून १००० झालं. मुदत उलटून गेली तर दुचाकीला महिन्याला ३०० रुपये दंड चढत जातो. तुमच्या बाबतीत मेख अशी, की हा अर्ज मुदत संपण्याच्या साठ दिवसांहून आधी घेतच नाहीत. म्हणजे सप्टेंबरच्या आत तुम्हाला नूतनीकरण करून देता येणार नाही, आत्ता विकलीत तर ते घेणाऱ्याच्या गळ्यात. शुल्क, कर, एखादी इंडिकेटरची काच, आरटीओत अर्धा दिवस आणि एजंटाचा हात, असं सगळं मिळून साडेतीन हजार धरा आणि किमतीतून सरळ वजा करा. मुंबईतही उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये पेट्रोल-डिझेलच्या गाड्या टप्प्याटप्प्याने कमी करता येतील का, हे तपासायला समिती नेमायला सांगितलं होतं. अशा प्रत्येक बातमीने जुन्या गाडीचा भाव थोडा खाली सरकतो, एवढं खरं.

उरलेलं भराभर सांगतो. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाड्यांना नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट सक्तीची आहे. लावली नसेल तर तुम्हीच लावून घ्या, दुचाकीला कर धरून ५३१ रुपये. पीयूसी ताजी करा. ई-चलानच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून बघा, मिस्टरांनाही आश्चर्य वाटेल असं काहीतरी निघेल. ते तुम्ही भरायचं. विमा संपला असेल तर निदान थर्ड पार्टी काढा. १५० सीसीपर्यंतच्या गाडीला २०२२ साली ठरलेला दर ७१४ रुपये अधिक कर एवढाच आहे, आणि विम्याशिवाय ट्रायलसुद्धा द्यायची नसते. आरसीला जोडलेला मोबाइल नंबर आजचा आहे ना, तेही बघून ठेवा, नाहीतर ओटीपी चौदा वर्षांपूर्वीच्या सिमवर जाईल.

तर हिशोब. अठ्ठावीस हजारांपासून सुरू केलं. मागचा टायर २,२००, चेन-स्प्रॉकेट १,६००, कोनसेट ८००. झाले ४,६००. नूतनीकरणाचे ३,५००. एकूण ८,१०० गेले, राहिले १९,९००. बॅटरी आणि कार्बोरेटर तुम्ही करून देताय, म्हणून ते वजा केले नाहीत. दीड वर्ष उभी असलेल्या गाडीत महिनाभरात काहीतरी कुरकुरतंच, एखादा ऑइल सील, ब्रेकचा मास्टर सिलिंडर. त्यासाठी हजार-दीड हजार सोडा. साडेअठरा. पहिला मालक असणं हे या किमतीला टिकवून धरतं, वर नेत नाही. सर्व्हिसची बिलं एका पिशवीत जपून ठेवली असतील तर पाचशे माझ्याकडून वाढवा.

हे आकडे माझ्या अंदाजाचे. तुमच्या भागात टायर २,००० ला मिळत असेल तर २,००० लिहा. पण वजाबाकी अशीच करायची: हा मुलगा पुढची दोन वर्षं ही गाडी चालवणार, तर सुरुवातीच्या दोन महिन्यांत त्याच्या खिशातून काय जाणार, ते चांगल्या गाडीच्या खऱ्या भावातून काढायचं. मिस्टरांनी तिच्यावर गेल्या चौदा वर्षांत काय खर्च केला, तो यात कुठेच येत नाही. समजा २०१९ मध्ये पुढचा टायर टाकला असेल, तर तो त्यांचा वापरून झाला. हे त्यांना सांगताना मात्र जपून.

अनोळखी माणसाला विकत असतात तर मी म्हटलं असतं, बावीस सांगा, साडेअठरापर्यंत या. तिसऱ्या मजल्यावर हा खेळ खेळू नका. एका कागदावर वरचा हिशोब मांडा, दोषांसकट, आणि तो कागद वहिनींना न देता त्या मुलाच्या हातात द्या. गाडी तो चालवणार आहे. म्हणावं, तुझा ओळखीचा मेकॅनिक घेऊन ये, गार इंजिनवर बघू दे. त्याने कोनसेटबरोबर शॉकअपचं ऑइल सीलही गेलंय असं दाखवलं तर तेही वजा करा, वाद नको. साडेअठरा तुमचा रास्त भाव. शेजारी म्हणून पाचशे-हजार सोडायचे असतील तर ते वेगळे लिहा: ‘भाव १८,५००, पहिल्या नोकरीबद्दल आमच्याकडून १,०००.’ सवलत भावात मिसळली की दोन्ही घरांना ती दिसत नाही. वहिनींना वाटतं साडेसतराच भाव होता, आणि मिस्टरांना वाटतं तुम्ही घर लुटवलंत.

वहिनींकडून हप्त्यांची गोष्ट निघेल, मुलाचा पहिला पगार अजून यायचा असेल. माझा सल्ला, दोनच टप्पे करा. निम्मे आत्ता, निम्मे दुसऱ्या पगाराला, आणि गाडी दुसऱ्या टप्प्यानंतरच त्याच्या ताब्यात द्या. ‘आधी चालवू दे, मग देईल’ यात वाईट कोणाच्याच मनात नसतं, तरी गाडी एकाच्या हातात आणि नाव दुसऱ्याचं, असे दोन महिने काढायचे नाहीत.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. २००७ मध्ये मी माझी स्प्लेंडर विकली. घेणारा ओळखीतला, शंभरच्या स्टॅम्प पेपरवर सह्या केल्या, पैसे घेतले, फॉर्मवर सह्या करून दिल्या आणि विसरलो. त्याने फॉर्म कधी आरटीओत भरलेच नाहीत. दीड वर्षाने त्याने ती तिसऱ्यालाच विकलेली, आणि एका संध्याकाळी माझ्या दारात हवालदार उभा. कुठल्याशा चौकात त्या गाडीने एका म्हाताऱ्या बाईंना उडवलं होतं. बाई बऱ्या झाल्या, पण स्टॅम्प पेपर दाखवत मी तीन महिने पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढत होतो. नोंदणीत नाव माझं होतं, बाकी कशाला किंमत नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये हेच स्पष्ट केलं: गाडी कितीही हातांतून फिरली तरी नुकसानभरपाईसाठी मालक तोच, ज्याचं नाव आरटीओच्या नोंदीत आहे.

म्हणून ट्रान्सफर तुम्ही स्वतः करून द्या, मुलावर सोडू नका. फॉर्म २९ आणि ३०, दोघांच्या सह्या. कायद्याने विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांत कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत नाव लावून घ्यायचं असतं. दुचाकीच्या ट्रान्सफरची मूळ सरकारी फी दीडशे रुपये. एजंटाकडे गेलात तर तो त्याचे हजार-दीड हजार घेईल, त्यांचे दोन्ही घरांत निम्मे-निम्मे करा. तुमची गाडी वडाळा आरटीओची आणि मुलगाही त्याच बिल्डिंगमधला, म्हणजे कार्यालय बदलायची भानगड नाही. विमाही त्याच्या नावावर करून घ्यायला सांगा.

हे सगळं करूनही वहिनींकडचं फिसकटलं, तर बाहेर जाहिरात द्याल. तेव्हा एक सांभाळा. जाहिरात टाकल्यावर तासाभरात कोणीतरी फोन करेल, मराठीत नाही बोलणार, आपण लष्करात आहोत म्हणेल, गाडी न बघताच चाळीस हजार कबूल करेल आणि क्यूआर कोड पाठवून ‘स्कॅन करा, पैसे येतील’ म्हणेल. मिस्टरांना चाळीस ऐकून आनंद होईल. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही, पिन टाकला की जातात. खरा माणूस आला तर त्याच्या लायसन्सचा फोटो घ्या, ट्रायलला मागे मिस्टरांना बसवा आणि एलबीएस रोडवर न जाता आतल्या गल्लीत फेरी मारून आणा.

पण माझा अंदाज आहे की ते फिसकटणार नाही. तेव्हा एवढं शोधून ठेवा: दुसरी चावी, सीटखालचा टूलकिट आणि असली तर सर्व्हिस बुक. मुलाला टूलकिटाचं अप्रूप नसेल, त्याच्या मेकॅनिकला असेल. कव्हर मात्र देऊ नका, स्कूटरला येईल.